फेफरेकऱ्यांचे बेथेल

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलासाठी प्रभूपुढे गुडघे टेकतो. त्या मुलाविषयी मराठी भाषांतरकारांनी 'फेफरेकरी' हा शब्द योजिला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'चंद्राने बाधलेला' असा होतो. चंद्राच्या कलांबरोबर हे झटके येतात अशी त्या काळची समजूत होती. मार्क व लूक हाच प्रसंग सांगतात, पण रोगाचे नाव घेत नाहीत. ते मुलाला धरणाऱ्या आत्म्याविषयी बोलतात. तरीही मार्काच्या नवव्या अध्यायातील वर्णन अतिशय नेमके आहे. मुलगा जमिनीवर कोसळतो, तोंडाला फेस येतो, तो दात खातो, त्याचे शरीर ताठ होते, कधी तो विस्तवात तर कधी पाण्यात पडतो. हे वाचून कोणताही वैद्य अपस्मार हेच निदान करील. आणखी एक तपशील एकट्या मार्काने राखून ठेवला आहे. मुलाला बरे करण्यापूर्वी प्रभू बापाला विचारतो की, हे याला किती काळापासून होत आहे. आम्हांला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. रोग्याच्या घरच्यांना बोलू देणे हा शुश्रूषेचा आरंभ होय. परंतु मंडळीच्या इतिहासात हा प्रश्न विचारणारे थोडेच झाले.

त्या चमत्काराचे विवरण करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ज्या रोगाचे मूळ मेंदूत आहे, पण ज्याचा घाव रोग्याच्या मनाला आणि माणसांतील त्याच्या स्थानाला बसतो, त्या रोगाच्या बाबतीत ख्रिस्ती मंडळीची शुश्रूषा कशी होती, ती कोठे उंचावली व कोठे ढळली, हे मुख्यतः एका संस्थेच्या इतिहासावरून पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे. ती संस्था म्हणजे जर्मनीत बीलेफेल्ड नगराजवळ असलेली बेथेल. तिच्याकडे वळण्यापूर्वी मागील काही शतके ओझरती पाहिली पाहिजेत.

ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास, हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या एका ग्रंथात असे म्हटले गेले की, लोक ज्याला 'पवित्र रोग' म्हणतात तो इतर रोगांहून अधिक पवित्र नाही आणि त्याचे कारण मेंदूत आहे. आपल्याकडे चरकसंहितेने अपस्मार म्हणजे स्मृतीचा लोप असे मानून त्याची मांडणी वात, पित्त, कफ या दोषांच्या भाषेत केली. म्हणजे हा देहाचा विकार आहे हे ज्ञान जगात नवे नव्हते. तिसऱ्या शतकात ओरिगेनाने मत्तयावर भाष्य लिहिले तेव्हा वैद्यांचे म्हणणे त्यालाही ठाऊक होते. त्याने ते नोंदविले, आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवणाऱ्याने ते मानू नये, हे अशुद्ध आत्म्याचेच काम आहे, असा निर्वाळा दिला. ओरिगेनासारख्या विद्वानाचे मत पुढील शतकांना जड गेले. रोमी लोकांत तर झटका आलेला दिसला की भरलेली लोकसभा उठविली जाई, आणि रोग आपल्याला लागू नये म्हणून पाहणारे थुंकत असत. (गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आपल्या शरीराच्या दुर्बलतेविषयी लिहितो, तेथील एका क्रियापदाचा मूळ अर्थ 'थुंकणे' असा आहे. यावरून पौलालाही हाच रोग असावा असा तर्क काही विद्वान करतात. आम्हांला तो पुरेशा आधाराचा वाटत नाही. पण त्या काळचे लोक रोग्याकडे कसे पाहत, हे त्या शब्दावरून कळते.)

मध्ययुगात करुणेचे झरे अगदीच आटले होते असे नाही. आल्सेसमधील रूफाक येथे संत वॅलेन्टाइनच्या नावाच्या मठाकडे अपस्माराचे रोगी यात्रेस येत, आणि तेथे त्यांच्यासाठी निवाराही झाला. परंतु वेदीचे दार त्यांना बंदच राहिले. रोमन कॅथलिक मंडळीच्या १९१७ च्या धर्मविधिसंहितेतील ९८४ व्या कलमाने, ज्यांना अपस्मार आहे किंवा पूर्वी होता त्यांना वेडे व भूतग्रस्त यांच्या पंक्तीत बसवून दीक्षेस अपात्र ठरविले. १९८३ च्या नव्या संहितेत अपस्माराचा हा उल्लेख उरला नाही. बंधू-वाचकांनी ही तारीख लक्षात घ्यावी: मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा आलेख काढण्याची हान्स बेर्गर यांची पद्धत १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली होती, आणि तिच्यानंतरही अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते कलम जागचे हलले नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी यावरून स्वतःची पाठ थोपटू नये. जे कलम लिहिलेले नसते तेही पाळले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चित्र पालटू लागले. तोवर अपस्माराचे रोगी वेड्यांच्या इस्पितळात, तुरुंगात, दरिद्र्यांच्या आश्रमात किंवा घराच्या मागच्या खोलीत दिवस काढीत. फ्रान्समध्ये झाँ बोस्ट या पाळकाने ला फोर्स या गावी १८४८ पासून निराधारांसाठी घरे उभारण्यास आरंभ केला व पुढे त्यांत अपस्माराच्या रोग्यांनाही जागा दिली. लंडनमध्ये जोहाना व लुईझा चँडलर या दोघी बहिणींनी पक्षाघात झालेल्या आपल्या आजीची शुश्रूषा केली होती. तशा रोग्यांसाठी कोठेच इस्पितळ नाही हे पाहून त्यांनी भाऊ एडवर्ड याच्या साहाय्याने खटपट केली, आणि पक्षाघाती व अपस्मारी रोग्यांसाठी क्वीन स्क्वेअर येथील प्रसिद्ध इस्पितळ निघाले. मज्जासंस्थेच्या वैद्यकशास्त्राचे एक मोठे पीठ अशा रीतीने घरातील एका आजीच्या खाटेपाशी जन्मले.

वैद्यांच्या हाती मात्र फारसे काही नव्हते. १८५७ मध्ये चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा गुण सांगितला, आणि अनेकांचे झटके त्याने कमी झाले; परंतु मात्रा वाढली की रोगी सुस्त होई, बुद्धी मंद होई, अंगावर फोड उठत. फेनोबार्बिटल १९१२ मध्ये आणि फेनिटॉइन १९३८ मध्ये आले. या दरम्यानच्या काळात जे रोगी जगले, त्यांच्या सुखदुःखाचा प्रश्न औषधाने सुटणारा नव्हता. तो सुटलाच तर माणसांनीच सुटणार होता.

बेथेलचा आरंभ १८६७ मध्ये झाला. ऱ्हाइनलंड व वेस्टफालिया येथील 'अंतर्गत मिशन' या प्रॉटेस्टंट सेवाचळवळीतील मंडळींनी बीलेफेल्डजवळ एक शेतघर घेऊन तेथे मोजक्या रोग्यांना आणले. घराचे नाव एबन-एजर ठेवले. १८७२ मध्ये पाळक फ्रीडरिख फॉन बोडेलश्विंग (१८३१–१९१०) त्या संस्थेचे प्रमुख झाले. हे गृहस्थ तरुणपणी शेतीचा कारभार पाहत असत. पुढे दीक्षा घेऊन पॅरिसमध्ये रस्ते झाडणाऱ्या दरिद्री जर्मन मजुरांत त्यांनी कित्येक वर्षे सेवा केली. जानेवारी १८६९ मध्ये त्यांची चारही मुले दोन आठवड्यांच्या आत वारली. या शोकाविषयी चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही इतकेच म्हणू की, असा पाळक आजारी मुलाच्या बापाला उपदेश करावयास घाई करीत नाही.

१८७४ पासून वसाहतीला बेथेल हे नाव पडले. याकोबाने दगड उशाशी घेऊन जेथे रात्र काढली त्या ठिकाणाचे हे नाव. सेविकांच्या गृहाला सारफथ, सेवकांच्या गृहाला नासरेथ आणि १८८४ मध्ये उभ्या राहिलेल्या मंदिराला सीयोन ही नावे मिळाली. पवित्र शास्त्रातील नकाशाच जणू वेस्टफालियाच्या त्या टेकडीवर पसरला. बोडेलश्विंग यांच्या हयातीत रोग्यांची संख्या हजाराच्या पलीकडे गेली. तरी त्या सर्वांना एकाच मोठ्या वास्तूत कोंबण्याचा त्या काळचा शिरस्ता बेथेलने पाळला नाही. लहान लहान घरे असत, आणि प्रत्येक घरात कुटुंबप्रमुखाच्या नात्याने माणसे नेमलेली असत. शेती, बागकाम, विटांची भट्टी, सुतारकाम, छापखाना असे उद्योग होते. १८९० पासून देशभरातून जुने कपडे व टाकाऊ वस्तू गोळा करून त्या निवडण्याचे कामही रोग्यांना मिळाले.

हे काम कशासाठी होते? अपस्माराचा रोगी दोन झटक्यांच्या मधल्या काळात बहुधा इतर माणसांसारखाच असतो. झटका काही मिनिटांचा असतो, पण भीती दिवसभराची असते. पुढचा झटका केव्हा, कोठे, कोणादेखत येईल हे त्याला ठाऊक नसते; म्हणून शाळा त्याला नको म्हणते, मालक नको म्हणतो, आणि हळूहळू तो स्वतःलाच नको म्हणू लागतो. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की, अपस्मार असलेल्यांत नैराश्य व चिंता यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकांपेक्षा अधिक आढळते. याचा काही भाग मेंदूतील विकाराचा असतो, काही औषधांचा, आणि काही भाग लोकांच्या वागण्याचा. बेथेलला या शास्त्राची परिभाषा ठाऊक नव्हती. परंतु जेथे झटका येणे ही लाजिरवाणी घटना नाही, जेथे शेजारचा मनुष्य हातातील खुरपे ठेवून शांतपणे बाजूला बसतो आणि झटका ओसरल्यावर काम पुढे चालू होते, अशी जागा त्याने निर्माण केली. इंग्लंडमधील चॅलफंटची वसाहत (१८९४) आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्रेग वसाहत (१८९६) यांपुढे बेथेलचा आदर्श होता.

या चित्राला दुसरी बाजू आहे व ती झाकणे योग्य नव्हे. वसाहत ही शेवटी वसाहतच. रोग्याला तेथे जागा मिळाली याचा अर्थ गावात ती उरली नाही, असाही होतो. शिस्त कडक होती. कामाचे मोल धनी ठरवी. आणि ज्या कामाने रोग्याला ताठ मानेने बसावयास शिकविले, त्याच कामात एक धोका दडलेला होता. काम करणाऱ्या रोग्याकडे बोट दाखवून 'पाहा, हाही उपयोगी आहे' असे दात्यांना सांगणे सोपे असते. मग जो काहीच करू शकत नाही त्याचे काय? थोरल्या बोडेलश्विंग यांच्या बेथेलमध्ये अशा रोग्यांनाही घर होते, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. पण तो प्रश्न पुढच्या पिढीवर फार भयंकर रूपाने येऊन आदळला.

१९२० मध्ये कार्ल बिंडिंग हा विधिज्ञ व आल्फ्रेड होखे हा मनोविकारतज्ज्ञ यांनी, जगण्यास अपात्र अशा जीवांचा नाश करण्यास मोकळीक असावी, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. अशा विचारांची हवा ख्रिस्ती संस्थांपर्यंतही पोहोचली. मे १९३१ मध्ये ट्रायजा येथे अंतर्गत मिशनच्या तज्ज्ञांची परिषद भरली. तीत थोरल्या बोडेलश्विंग यांचे त्याच नावाचे चिरंजीव (१८७७–१९४६) सहभागी होते. १९१० पासून बेथेलची धुरा त्यांच्याकडे होती. परिषदेने जीव घेण्याची कल्पना स्पष्ट शब्दांत फेटाळली. परंतु आनुवंशिक रोग्यांचे निर्बीजीकरण काही मर्यादेत मान्य केले. १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्याच्या यादीत आनुवंशिक अपस्मार होता. बेथेलच्या इस्पितळात त्या शस्त्रक्रिया झाल्या. ज्यांना तेथे घर मिळाले होते त्यांच्या देहावरच त्या झाल्या. आमच्या मते बेथेलच्या इतिहासातील ही सर्वांत जड गोष्ट आहे. संस्थेतील माणसे क्रूर होती म्हणून असे घडले, असे म्हणता येत नाही. त्यांनी रोग्यावर प्रेम केले आणि त्याच वेळी राष्ट्राच्या आरोग्याचा हिशेबही मान्य केला.

त्याच ऑगस्ट महिन्यात तरुण ईश्वरविज्ञानपंडित डीट्रिख बोनहॉफर बेथेलमध्ये मुक्कामास होते. नव्या राजवटीपुढे मंडळीची भूमिका मांडणारे विश्वासपत्र तेथे लिहिले जात होते. बोनहॉफर यांचे वडील बर्लिनमधील नामांकित मज्जा व मनोविकारतज्ज्ञ होते. म्हणजे हा रोग त्यांना घरातच ऐकून माहीत होता. तरी रविवारच्या उपासनेत अपस्माराच्या रोग्यांसमवेत बसल्यावर त्यांनी आपल्या आजीला पत्र लिहिले. या असहाय माणसांच्या सहवासात मानवी जीवनाचे काही सत्य निरोग्यांहून अधिक स्पष्ट दिसत असावे, अशा आशयाचा विचार त्यात आहे. मंदिराबाहेर रोगी हा राष्ट्रावरचा भार ठरत होता. मंदिरात तोच उपासकांना शिकवीत होता.

१९३९ च्या शरद ऋतूपासून जर्मनीतील संस्थांकडे छापील नमुने येऊ लागले. त्यात प्रत्येक रोग्याविषयी माहिती भरावयाची होती. कळविण्याजोग्या रोगांत अपस्माराचे नाव होते, आणि रोगी काम करू शकतो काय, केवळ यांत्रिक स्वरूपाचेच काम करतो काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. दोन पिढ्यांपूर्वी ज्या कामाने रोग्याला मनुष्यांत परत आणले होते, ते काम आता त्याच्या जीवनमरणाचे माप झाले. ग्राफेनेक, ब्रांडेनबुर्ग, हार्टहाइम, झोनेनश्टाइन, बेर्नबुर्ग व हादामार या सहा ठिकाणी ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक रोग्यांना विषारी वायूने मारण्यात आले. ख्रिस्ती संस्थाही यातून सुटल्या नाहीत. बव्हेरियातील नॉयेनडेटेल्साऊ या सेविकासंस्थेतून हजाराहून अधिक जण हलविले गेले, व त्यांतील बहुतेक परतले नाहीत. अपस्माराच्या रोग्यांसाठीच प्रसिद्ध असलेल्या व्युर्टेम्बेर्गमधील श्टेटन येथून तीनशेहून अधिक नेले गेले. तेथील प्रमुख पाळक लुडविग श्लाइख यांनी मंत्र्यांना विरोधपत्रे लिहिली.

बेथेलने ते नमुने भरून देण्याचे नाकारले. धाकट्या बोडेलश्विंग यांचे सहकारी, लोबेटाल येथील पाळक पाउल गेरहार्ड ब्राउने यांनी नातेवाइकांना येणारी मृत्यूची पत्रे, अस्थिकलशांवरील क्रमांक, संस्था-संस्थांतून नाहीशा होणाऱ्यांचे आकडे हे सारे जमविले आणि ९ जुलै १९४० रोजी त्यावर एक निवेदन सरकारला सादर केले. ऑगस्टमध्ये गेस्टापोने त्यांना अटक केली. त्याच जुलै महिन्यात बिशप थेओफिल वुर्म यांनीही गृहमंत्र्यांना पत्र लिहिले. बिशप फॉन गालेन यांचे म्यून्स्टर येथील प्रवचन ३ ऑगस्ट १९४१ चे. तीन आठवड्यांनी वायुगृहे थांबविण्याचा हुकूम निघाला, जरी उपासमारीने व औषधांनी मारणे पुढेही गुपचूप चालूच राहिले. बोडेलश्विंग यांनी जाहीर प्रवचनाऐवजी भेटीगाठींचा, विलंबाचा व मनधरणीचा मार्ग धरला. फेब्रुवारी १९४१ मध्ये वैद्यांची समिती बेथेलमध्ये तपासणीस येऊन गेली. तरी ज्या मोठ्या गाड्यांची भीती होती त्या तेथे आल्या नाहीत. मात्र सप्टेंबर १९४० मध्ये बेथेलमधील ज्यू रोगी बाहेर नेण्यात आले व त्यांतील बहुतेक मारले गेले. त्यांच्यासाठी तो विलंबाचा मार्ग उपयोगी पडला नाही.

बेथेलचा गौरव करणाऱ्या पुस्तकांत नकाराची कथा ठळक असते, आणि दोष देणाऱ्या पुस्तकांत निर्बीजीकरणाची. पाळकीय सेवा करणाऱ्याने दोन्ही कथा एकत्र वाचाव्यात, असे आम्हांस वाटते. १९३३ मध्ये रोग्याचा देह राष्ट्राच्या हिशेबात मांडू दिल्यावर १९४० मध्ये 'येथपर्यंतच' असे म्हणणे किती कठीण झाले असेल, हे त्यावरून ध्यानात येते.

आज परिस्थिती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य औषध मिळाल्यास दहांपैकी सात जण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. १९९० नंतर वैद्य केवळ झटक्यांची संख्या न मोजता रोग्याचे मन, झोप, नोकरी, मैत्री, औषधाचा त्रास यांविषयी प्रश्नावल्या करून विचारू लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मार व मज्जासंस्थेच्या इतर विकारांसाठी २०३१ पर्यंतचा आराखडा मान्य केला. त्यातही कलंक दूर करणे हे उपचाराचेच अंग मानले आहे.

आमच्या मंडळ्यांत अजून कांदा व चप्पल हुंगविण्याची रीत दिसते. भर उपासनेत कोणास झटका आला तर करावयाचे थोडकेच आहे. गायन थांबवू नये. रोग्याला दाबून धरू नये, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. आजूबाजूची बाके सरकवावीत, डोक्याखाली काही मऊ द्यावे, कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका न ओसरल्यास इस्पितळात न्यावे. शुद्धीवर आल्यावर त्याच्याजवळ ओळखीचे कोणी बसलेले असावे. गोंधळ होईल म्हणून त्याने पुढच्या रविवारी येऊ नये, असे सुचविणारा वडीलमंडळीत एखादा असतोच. त्याचे म्हणणे पाळकाने मान्य करू नये. शुभवर्तमानातील तो पाठ वाचताना 'फेफरेकरी' या शब्दावर मान खाली घालणारा कोणी समोर बसला असेल, याचेही भान उपदेशकाने ठेवावे; भूत काढण्याच्या सभेत नेऊन त्याचे औषध बंद करावयास लावणे तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

राहता राहिला विवाहाचा प्रश्न, आणि खरे दुःख येथेच साठलेले असते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास अडथळा म्हणून घातला गेला, आणि १९९९ मध्ये तो शब्द काढून टाकण्यात आला. ख्रिस्ती विवाहाच्या १८७२ च्या कायद्यात तसा अडथळा कधी नव्हताच. तरी लग्नाची सूचना मंडळीत वाचली गेली की कोणी तरी पाळकाच्या दारी येऊन हलक्या आवाजात विचारतो की, मुलीला फीट येते हे खरे काय. मुलीचे आईबाप ती गोष्ट भीतीने लपवितात, आणि लग्नानंतर ती उघडी पडली की मुलीने औषध चोरून घेण्याची किंवा अजिबात सोडण्याची वेळ येते. अशा वेळी पाळकाने दारावरच्या माणसाला उत्तर देऊ नये. त्याने मुलीला भेटावे, हे तिला किती काळापासून आहे, शेवटचा झटका केव्हा आला, कोणते औषध चालू आहे हे तिच्याच तोंडून ऐकावे. आणि तिची संमती असेल तर दोन्ही घरांना तिच्या डॉक्टरांकडे एकत्र न्यावे. अपस्मारावरील काही औषधे गर्भास अपायकारक असतात व ती गर्भधारणेपूर्वीच बदलावी लागतात; ही गोष्ट वर व वधू दोघांनाही लग्नाआधी डॉक्टरांच्या तोंडून कळलेली बरी.